देवापुढचा पहिला कागद

ते प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, भिलाईच्या पोलाद प्लांटच्या भंगारचोरांच्या मागे रेल्वे यार्डात गुडघे फोडून घेतले. त्यातलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलंय आणि कोणता आरोपी कोणत्या गुन्ह्यातला हे सांगताना गडबड होते. पण ज्या गुन्ह्यात रक्ताचा थेंब सांडला नाही, साधी काच फुटली नाही, ज्याचा सगळा मुद्देमाल म्हणजे हाताच्या पंजाएवढे कागद, तो गुन्हा मला क्रमांकासकट पाठ आहे. त्याला कारण एक छापखानेवाला. त्याचं नाव मी लिहिणार नाही, पण त्याच्याविषयी लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

माझे वडील रेल्वेत गार्ड होते. गोंदियाकडून बदलीवर दुर्गला आले आणि इथलेच झाले. मी छत्तीसगढ पोलिसांत उपनिरीक्षक म्हणून लागलो आणि पुढे टीआय झालो. ठाण्याच्या प्रमुखाला आमच्याकडे टीआयच म्हणतात. ठाण्यात हिंदी, बाजारात छत्तीसगढी आणि मराठी फक्त घरी, असं माझं आयुष्य गेलं. आता निवृत्तीनंतर सौभाग्यवती म्हणतात, लिहायचंच आहे तर मराठीत लिहा, निदान मी तरी वाचीन.

तेव्हा मी भिलाईतल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. नगर निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, निवडणुका लागल्या होत्या. थंडीचे दिवस होते. मतदान दोन दिवसांवर आलं होतं आणि त्याच संध्याकाळी पाच वाजता प्रचार संपायचा होता. अशा दिवसांत ठाण्यात पाय ठेवायला जागा नसते. परवान्याची हत्यारं जमा करून घ्यायची, नेहमीच्या भांडखोरांकडून शांततेचे बाँड लिहून घ्यायचे, मतदान केंद्रांवर जाऊन वीज-पाणी पाहायचं, आणि या सगळ्याच्या मधोमध प्रत्येक उमेदवाराचा माणूस येऊन दुसऱ्याच्या झेंड्याची तक्रार करणार. खरं सांगायचं तर त्या दिवसांत कागद घेऊन आत येणारा माणूस दिसला की माझं डोकं उठायचं.

सकाळी आठच्या सुमारास एक बाई कागद घेऊनच आल्या. साठी ओलांडलेल्या, बालवाडीच्या निवृत्त शिक्षिका. वैशाली नगरच्या बाजूच्या एका वॉर्डातून अपक्ष म्हणून उभ्या होत्या. मी त्यांना तोंडओळखीने जाणत होतो. वस्तीत नळाला पाणी आलं नाही की पंधरा-वीस बायका घेऊन निगमच्या ऑफिसात जाऊन बसणाऱ्या त्या याच. त्यांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि त्या समोर उभ्या राहिल्या.

पत्रक होतं. वर हिंदीत आणि खाली मराठीत एकच मजकूर: तब्येतीच्या कारणाने मी निवडणुकीतून माघार घेत आहे, माझ्यावर प्रेम करणाऱ्या सर्वांनी आपलं मत अमुक उमेदवाराला द्यावं. शेजारी बाईंचा फोटो, खाली बाईंची सही. पहाटे वस्तीतल्या दारादारांत कोणीतरी ते सरकवून गेलं होतं.

आता माझी पहिली चूक सांगतो. मी सही पाहिली, बाईंच्या तक्रार अर्जावरची सही पाहिली, दोन्ही तंतोतंत सारख्या. मी खुर्चीत मागे रेललो आणि विचारलं, "बाई, खरं सांगा. बसलात ना? आता लोक ओरडायला लागले म्हणून इथे आलात ना?" आमच्याकडे उमेदवाराने गुपचूप सौदा करून माघार घेतली की त्याला 'बसला' म्हणतात. ते मी एका शिक्षिकेला, तिच्या वयाचा मान न ठेवता विचारलं. आजही ते आठवलं की मला स्वतःचीच लाज वाटते.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "साहेब, सही माहीच आहे. पण ह्या कागदावर मी नाही केली. अन् पडीन तं पडीन जी, त्याचं मले काही नाही वाटत. पण बाई काहीतरी घेऊन बसली, असं एकदा लोकायच्या मनात गेलं, तं उद्या नळाच्या अर्जासाठी माह्यासंगं कोन येईन? चाळीस वर्सं मी ह्या वस्तीत नावावर जगली. परवा मत पडून जाईन, मंग मी कोनाकोनाले समजावत फिरू?"

तेव्हा मला कळलं की या बाईकडे फक्त आजचा आणि उद्याचा दिवस आहे. मी उठून त्यांना खुर्ची दिली. ती आधीच द्यायला हवी होती.

रोजनामच्यात, म्हणजे ठाण्याच्या दैनंदिनीत, नोंद झाली, पत्रक जप्त झालं, निवडणूक अधिकाऱ्यांना फोनवर कळवलं. प्रचाराच्या प्रत्येक कागदावर छापणाऱ्याचं आणि छापून घेणाऱ्याचं नाव-पत्ता असलाच पाहिजे, असा नियम आहे. या कागदावर दोन्ही नव्हतं. त्यात खोट्या मजकुराने एकीची बदनामी केलेली, म्हणून गुन्हा नोंदवला. पण गुन्हा नोंदवणं सोपं, कागदाचा बाप शोधणं अवघड. भिलाई आणि दुर्ग मिळून छोट्या छापखान्यांची काही कमी नाही.

रस्ता दाखवला आमच्या मुन्शीने. मुन्शी म्हणजे ठाण्याची लिखापढी सांभाळणारा हवालदार. जाड भिंगाचा चष्मा, बोलणं कमी, आणि कागदाचा एवढा लोभी की बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टणसुद्धा वाचून मग टाकेल. त्याने निवडणुकीच्या फाइलमधून बाईंचं खरं प्रचारपत्रक काढलं, दोन्ही शेजारी ठेवली आणि म्हणाला, "साहब, फोटो वही है, दस्तखत भी वही है। लेकिन छपे हुए से उतारा होता तो धुंधला हो जाता। ये तो असली से निकला है।"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. फोटो स्वच्छ होता, म्हणजे मूळ फोटो आणि मूळ सही ज्याच्याकडे होती त्याच्याकडूनच हा कागद निघालेला असणार. खऱ्या पत्रकाच्या खाली नियमाप्रमाणे छापखान्याचं नाव होतं. वैशाली नगरच्या मागच्या गल्लीतला, दोन मराठी भावांचा.

बाई लगेच म्हणाल्या, "नाही साहेब. प्रेसवाले दादा असं नाही करनार. अर्ध्या वस्तीच्या लग्नपत्रिका त्यायनं छापल्या."

मी मनात म्हटलं, सगळेच तसं म्हणतात.

दहाच्या आत आम्ही दोन पंचांना घेऊन छापखान्यावर पोहोचलो. मोठे भाऊ, ज्यांना सगळी गल्ली दादा म्हणते, नुकतंच शटर वर करत होते. खांद्याला अजून प्रवासाची पिशवी होती. दोन दिवस अहिवाऱ्याला पुतणीच्या साखरपुड्याला गेले होते आणि सकाळच्या बसने उतरून थेट इकडे आले होते. धाकटा भाऊ मागच्या खोलीतून आला. हा पन्नाशीचा. भंडाऱ्याकडून वडील प्लांटमध्ये कामाला आले, पोरांना प्लांटमध्ये जागा मिळाली नाही, म्हणून दोघांनी मिळून हा धंदा उभा केलेला.

दादांना पत्रक दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि मान हलवली. "आमचं नाही साहेब. प्रेस तं दोन दिवसापासून बंद आहे. मी नसलो की मशीन चालत नाही."

"बंद होती साहेब, पूरी बंद होती. मी तं इकडे आलोच नाही. बुखार होता मले, घरीच झोपून होतो," धाकटा म्हणाला. मी त्याला काही विचारलंच नव्हतं.

बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट शिकलो. निर्दोष माणूस घाबरतो, चिडतो, कधी उलट शिव्या देतो, पण न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सहसा देत नाही. माझा संशय तिथेच पक्का झाला. पण कोर्टात टीआयच्या संशयाला कोणी विचारत नाही.

झडती सुरू केली. कॉम्प्युटरमध्ये बाईंच्या खऱ्या पत्रकाशिवाय काही नव्हतं. रद्दीची टोपली रिकामी. दोन दिवस बंद असलेल्या छापखान्याच्या मानाने ती जरा जास्तच रिकामी होती. मशीन पुसलेलं, प्लेटा धुतलेल्या. धाकट्याला बाजूला घेऊन मी तासभर उलटसुलट विचारलं. तो ताप, घर आणि झोप यापलीकडे सरकेना. त्याला ठाण्यात नेऊन बसवता आलं असतं, पण तो दोन दिवस गप्प बसला असता तर बाईंचं जे व्हायचं ते होऊनच गेलं असतं. पंचनाम्यात "काही मिळून आले नाही" असं लिहिलं, पंचांच्या सह्या घेतल्या. मी हरलो होतो आणि ते मला माहीत होतं.

निघताना प्यायला पाणी मागितलं. दादांनी तांब्याभर पाणी दिलं. पीत असताना समोरच्या भिंतीतल्या देवाच्या फळीकडे लक्ष गेलं. देवाच्या तसबिरीपुढे कागदांची वीतभर उंच चळत होती, सगळे कागद उलटे, वरच्या कोऱ्या पाठीवर कुंकवाचं बोट.

"हे काय दादा?" मी विचारलं. तपास म्हणून नाही, सहज.

दादांचा चेहरा खुलला. "आमची रीत आहे जी. कोनतंही काम असो, मशीनमधून निघालेला पहिला कागद देवाचा. शाई ओली असते ना, म्हणून उलटा ठेवाचा अन् पाठीवर कुंकू लावाचं. मंग बाकीचं छापाचं. वर्सभर असे ठेवतो, खंडेनवमीले मशीनची पूजा झाली की शिवनाथ नदीमंदी सोडून देतो. दाखवतो ना तुमाले," असं म्हणत त्यांनी सगळ्यात वरचा कागद उचलला.

त्याच वेळी बाहेरून मुन्शीने हाक मारली. कंट्रोल रूमचा फोन होता. मी वळून दारापाशी गेलो, दोन-तीन मिनिटं बोललो. पाठ दादांकडे होती. पंच आधीच बाहेर पडले होते आणि शिपाई गाडीपाशी होते. आत दोघे भाऊच होते.

परत वळलो तेव्हा दादा तसेच उभे होते. कागद आता सुलटा करून हातात धरला होता. धाकटा भिंतीला टेकून खाली बसला होता. दादा चार पावलं चालत दारापर्यंत आले आणि दोन्ही हातांनी कागद माझ्यापुढे धरला.

"घ्या साहेब. आमच्याच मशीनवरून गेला."

पाठीवर ताजं कुंकू होतं आणि पुढे बाईंचा फोटो.

मी वारंवार विचार केला आहे. त्या दोन-तीन मिनिटांत तो कागद घडी करून खिशात घालायचा होता, बस. माझा पंचनामा संपला होता. मी पुन्हा त्या फळीकडे पाहिलंही नसतं. भाऊ वाचला असता, छापखाना वाचला असता, आणि मला जन्मात कळलं नसतं. दादांनी तसं केलं नाही.

मग ते धाकट्याकडे वळले. ओरडले नाहीत. "लहान्या, एवढं सगळं धुतलं-पुसलं तू. मंग पहिला कागद देवाले कावून ठेवला बे?"

"मले समजलंच नाही दादा," तो रडत म्हणाला. "मशीन चालू केली अन् हात आपोआप गेला. मंग ध्यानातच नाही राह्यलं."

पुढची चौकशी करायला मला काही करावंच लागलं नाही. वॉर्डातल्या एका उमेदवाराचा प्रचार सांभाळणारा माणूस दादा अहिवाऱ्याला गेलेले पाहून आला होता. तुझ्या पोरीला ऑफिसात लावून देतो, असं धाकट्याला म्हणाला होता. पोरगी शिकून तीन वर्षं घरी बसलेली. धाकट्याने एवढ्यावर मशीन चालू केलं. दुपारी बाराच्या आत आम्ही त्या माणसाला त्याच्या गाडीसकट धरलं. डिकीत पत्रकांचे उरलेले गठ्ठे निघाले, वस्तीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात वाटायचे. त्याच्या उमेदवाराने मला काहीच ठाऊक नाही असं सांगितलं. त्यावर कोर्टाने जे ठरवायचं ते ठरवलं, मी बोलणार नाही.

आरोपी मिळाला म्हणजे काम झालं असं मला वाटलं. ती माझी दुसरी चूक. निवडणूक अधिकाऱ्यांनी ऑटोवर भोंगा लावून वस्तीत जाहीर केलं की ते पत्रक खोटं आहे. तासाभराने मुन्शी परत आला आणि म्हणाला, "साहब, कोई मान नहीं रहा। कहते हैं, भोंपू में तो रोज कुछ न कुछ बोलते हैं। फोटो उसका, साइन उसका, अब मुकर रही है।"

हे ऐकायला दादा ठाण्यातच होते. भावाच्या अटकेचे कागद व्हायचे होते म्हणून बाकावर बसलेले. ते उठून माझ्यासमोर आले.

"साहेब, मी जातो. घरोघरी जाऊन सांगतो."

मी म्हटलं, "दादा, तुम्ही साक्षीदार आहात. आणि गल्लीत तोंड दाखवणं मुश्कील होईल तुम्हाला."

"भोंग्याचं कोनी ऐकत नसन, पण माहं ऐकतीन. त्यायच्या घरच्या पत्रिका मी छापल्या आहेत."

निवडणूक अधिकाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, मत मागायचं नाही, उमेदवाराचं गुणगान करायचं नाही, फक्त कागद खोटा आहे एवढंच सांगायचं, आणि सोबत आमचं लेखी निवेदन घेऊन तुमचा माणूस राहील. मुन्शीला सोबत दिलं. दुपारी दोनपासून दादा वस्तीत दार न दार फिरले.

मी गस्तीवर असताना एकदा त्यांना पाहिलं. एका क्वार्टरच्या दारात सेकंड शिफ्ट बुडवून घरी राहिलेला एक ओळखीचा माणूस उभा होता. दादा त्याला सांगत होते, "हा कागद खोटा आहे बाबा. बाई बसली नाही. हा माह्या प्रेसमधून निघाला, माह्या भावानं छापला." तो माणूस गडबडला. खालच्या आवाजात म्हणाला, "अरे दादा, धीरे बोलो ना. ऐसे सबको बताओगे तो आपका नाम खराब हो जाएगा।"

"ते झालं आता," दादा म्हणाले. "बाईचं तं नको होऊ दे." आणि पुढच्या दाराकडे गेले.

मी गाडीतून उतरलो नाही.

बाई निवडून आल्या का, असं मला नेहमी विचारतात. नाही. थोडक्या मतांनी पडल्या. पण निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या वस्तीवरून जात होतो, तर बाईंच्या फाटकाशी रिकामे डबे घेऊन बायका जमलेल्या. दोन दिवस नळ आला नव्हता. मला पाहून बाई आतून ओरडल्या, "साहेब, आता निगमच्या ऑफिसात जाऊन राहिलो आमी सगळ्या. बंदोबस्त पाठवून द्या!" सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो. त्या हसण्याने मला जो आनंद झाला तो आजवरच्या कोणत्याही निकालाने झाला नव्हता.

कोर्टात धाकट्याने गुन्हा कबूल केला. कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा आणि दंड झाला. छपाई मशीन मुद्देमाल म्हणून जप्त होतं, ते बऱ्याच महिन्यांनी सुपुर्दनाम्यावर, म्हणजे हमी लिहून देऊन, परत मिळालं. तोपर्यंत दादा हाताने वह्यांची बाइंडिंग करून घर चालवत होते. भावाविरुद्ध त्यांनी पोलिसांना जबाब दिला, तो शेवटपर्यंत फिरवला नाही, आणि प्रत्येक तारखेला त्याच भावासाठी घरून डबा घेऊन यायचे. कोर्टाच्या आवारात झाडाखाली दोघे एकाच डब्यातून जेवताना मी पाहिले आहेत.

आणि मी? मला वरिष्ठांनी प्रशस्तिपत्र दिलं. "सूक्ष्म निरीक्षणशक्ती" असे शब्द होते त्यात. जप्तीच्या कागदावर मी खरं तेच लिहिलं होतं, की अमुक व्यक्तीने स्वतःहून हजर केल्यावरून जप्त. पण टाळ्या वाजल्या तेव्हा मी उठून सांगितलं नाही की ती नजर माझी नव्हती. प्रशस्तिपत्र फ्रेम करून बैठकीच्या खोलीत लावलं. आलेल्या पाहुण्यांना मी ती गोष्ट सांगायचो, आणि सांगता सांगता ती दर वेळी थोडी माझ्या बाजूला सरकायची.

गेल्या वर्षी मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका छापायला मी दुर्गच्या पद्मनाभपुरातल्या माझ्या घरून मुद्दाम वैशाली नगरच्या त्या गल्लीत गेलो. दादांना आता कमी दिसतं. मशीन धाकटा चालवतो. पहिली पत्रिका निघाली, धाकट्याने ती उलटी धरली, दादांनी चाचपडत पाठीवर कुंकू लावलं आणि फळीवर ठेवली. दुसरी मला पाहायला दिली. तळाला बारीक अक्षरांत छापणाऱ्यांची नावं आणि पत्ता होता. दोन्ही भावांची नावं, शेजारी शेजारी.

मी म्हटलं, "दादा, लग्नपत्रिकेवर हे लागत नाही. कायदा प्रचाराच्या कागदांपुरता आहे."

"माहीत आहे जी," दादा म्हणाले. "पण आमच्याकडून आता बिननावाचा कागद जात नाही."

मी जे शिकलो ते थोडंच आहे. आम्ही पोलीस म्हणतो की अमुक गुन्हा आम्ही उघडकीस आणला. पुष्कळ वेळा कोणीतरी साधा माणूस स्वतःचं मोठं नुकसान सोसून तो आमच्या हातात ठेवतो आणि आम्ही नुसती पावती फाडतो. त्या माणसाचं नाव कुठेच येत नाही.

मी पिशवीतून फ्रेममधून काढून आणलेलं प्रशस्तिपत्र काढलं आणि दादांच्या हातात दिलं. धाकट्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं. "सूक्ष्म निरीक्षणशक्ती" या शब्दांवर तो अडखळला आणि माझ्याकडे पाहू लागला.

"हे मले कावून देऊन राहिले साहेब?" दादांनी विचारलं.

मी म्हटलं, "हा तुमचाच कागद होता दादा. इतकी वर्षं माझ्या घरी राहिला. तुमचे आभार मानायलाही मला इतकी वर्षं लागली."

दादांनी बोटांनी चाचपून कागद उलटा केला, पाठीवर कुंकवाचं बोट टेकवलं आणि माझ्या मुलीच्या पत्रिकेवर ठेवून दिला. खंडेनवमीला तो बाकीच्या कागदांबरोबर शिवनाथच्या पाण्यात गेला. सोडायला आम्ही तिघेही गेलो होतो.